यंत्रोबाच्या पोटातलं

माझ्या हातून एक यंत्रमानव घडला. ‘घडला’ हे क्रियापद मी जाणूनबुजून वापरतो आहे. गुन्हाही माणसाच्या हातून घडतच असतो, आणि दोन्ही ठिकाणी आरोपीचं म्हणणं एकच असतं, की सुरुवातीला माझ्या मनात असं काही नव्हतं.

माझ्याही नव्हतं. मला आमच्या सोसायटीच्या गणपतीपुढे काहीतरी हलतं ठेवायचं होतं, एवढंच. पुण्यात गणपतीपुढे काही हललं नाही तर लोकांना दर्शन घडल्यासारखं वाटत नाही. माझं सगळं लहानपण पेठांमधले हलते देखावे पाहण्यात गेलं. लाल महालाच्या खिडकीतून उडी टाकणारा शाहिस्तेखान दर दहा मिनिटांनी बोटं गमवायचा आणि पडदा पडून पुन्हा उघडला की नवी कोरी बोटं घेऊन मुकाट्यानं हजर व्हायचा. आमच्या शेजारच्या काकू एका रात्रीत तीन-तीनदा तो देखावा बघत आणि तिन्ही वेळा ‘बरं झालं मेल्याचं!’ म्हणत. खानाच्या पाठीमागे एक मोटर, एक सायकलचं चाक आणि एक घामाघूम झालेला कार्यकर्ता आहे, हे काकूंना पुरतं ठाऊक होतं. कारण तो कार्यकर्ता त्यांचाच मुलगा होता. तरी त्या खानावर मनापासून चिडत. हे ‘तरी’ जरा लक्षात असू द्या. पुढे लागणार आहे.

तर निवृत्तीनंतर, ३६ वर्षं टेलिफोन खात्यात तारा जोडून आणि तोडून झाल्यावर, माझे हात शिवशिवत होते. माझी भाची इंजिनिअरिंगला आहे. तिनं मला पत्त्याच्या डावाएवढी एक हिरवी-निळी पट्टी आणून दिली आणि म्हणाली, “मामा, हा आर्दुइनो. याला सांगाल ते हा ऐकतो.” साठी उलटलेल्या गृहस्थाला, सांगेल ते ऐकणारं कोणीतरी भेटणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. हे प्रकरण २००५ साली इटलीतल्या इव्रेआ नावाच्या गावात सुरू झालं आणि करणाऱ्यांनी त्याला नाव दिलं ते ज्या बारमध्ये त्यांची ऊठबस असे त्या बारचं. आपल्याकडे एवढा शोध लागला असता तर नाव एखाद्या अमृततुल्यचं पडलं असतं.

मग तपकीर गल्ली सुरू झाली. तिथल्या दुकानांत मी तासन्‌तास उभा राहू लागलो. रविवारी जुन्या बाजारात जाऊन मोटारीच्या वायपरची एक मोटर आणली. ही मोटर सावकाश फिरते पण अंगात ताकद भारी; मान डोलवायला अगदी योग्य. धडाला तेलाचा पंधरा किलोचा डबा. डोकं म्हणून एक पातेलं, टोपी म्हणून एक चाळण. ही दोन्ही भांडी घरातून नाहीशी झाल्याचं आमच्या हिला चौथ्या दिवशी कळलं. “अहो, चाळण कुठंय?” या प्रश्नाला मी “विज्ञानाच्या कामी आली” असं उत्तर दिलं. त्या दिवशी पोळ्या कोंड्यासकट खाल्ल्या. प्रकृतीला चांगल्या असतात.

‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर पसरला. त्याला तो सुचवला त्याच्या भावानं, आणि त्या शब्दाचं मूळ आहे वेठबिगारीत. अनुभवानं सांगतो, वेठीला धरला जातो तो बनवणारा. पहिल्या प्रयोगात मी त्याला चाकं लावली. तो हॉलमधून निघाला तो कुठंही न वळता थेट बाथरूमपाशी जाऊन थांबला. इतका माणसासारखा तो पुढे कधीच वागला नाही. चाकं काढली. मग हात लावले, तर ते कापायला लागले. भाची म्हणाली, “करंट कमी पडतोय.” ही म्हणाली, “तुमच्यावर गेलाय.”

नाव ठेवलं यंत्रोबा. विठोबा, खंडोबा, म्हसोबा यांच्या पंक्तीला बसेल असं. शिवाय कोणी नावं ठेवण्याआधी आपणच ठेवलेली बरी.

त्याच्या डोळ्यांच्या जागी एक सेन्सर बसवला. त्याची बनावटच दोन गोल डोळ्यांसारखी असते, त्यामुळे घरी रोबो करणारे बहुतेक सगळे त्याचे डोळेच करतात. पण खरं तर ते कान आहेत. वटवाघळासारखा आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडायचा आणि तो किती वेळात आपटून परत येतो त्यावरून समोर काय अंतरावर काही आहे का ते ओळखायचं. कोणी तीन फुटांच्या आत आलं की यंत्रोबानं मान डोलवावी, हात वर करावा आणि ‘नमस्कार, गणपतीबाप्पा मोरया!’ हे आधी टेप करून ठेवलेलं वाक्य म्हणावं, अशी योजना होती. पण सेन्सरला माणूस आणि खांब यांतला फरक कळत नाही. शिवाय जाड, मऊ कापड आवाज गिळून टाकतं. परिणाम असा झाला की यंत्रोबा मंडपाच्या खांबाला दर पाच सेकंदांनी भक्तिभावानं नमस्कार करी आणि समोर शाल गुंडाळून उभ्या असलेल्या ए विंगच्या आजींकडे ढुंकूनही बघत नसे. आजी म्हणाल्या, “याला सोसायटीचा सेक्रेटरी करा.”

आणि इथं, वाचकहो, मी पहिलं पाऊल वाकडं टाकलं.

मंडपाच्या मागे मीटररूम आहे. तिच्या जाळीतून मंडप दिसतो. मी माझा जुना मोबाइल यंत्रोबाच्या पोटात ठेवला, त्याला एक स्पीकर जोडला आणि तो माझ्या नव्या मोबाइलशी कॉलवर लावून मीटररूममध्ये जाऊन बसलो. समोरचा जे बोलेल ते मला ऐकू येई आणि मी जे बोलेन ते यंत्रोबाच्या पोटातून बाहेर पडे. आवाज यांत्रिक वाटावा म्हणून मी पितळी तांब्यात तोंड घालून बोलत असे. एवढ्या मोठ्या तंत्रज्ञानात तेवढीच एक वस्तू आमच्या आजीच्या रुखवतातली.

पहिल्याच संध्याकाळी यंत्रोबानं मंडप जिंकला. मुलांची रीघ लागली. “यंत्रोबा, तू काय खातोस?” “तेलाचा डबा आहे मी. डॉक्टरनं तेल बंद केलंय.” “यंत्रोबा, सतरा गुणिले तेवीस किती?” आता आली का पंचाईत! कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये आणि मोबाइल कानाला. मी म्हणालो, “आधी तू सांग, मी तपासतो.” पोरगं खरंच कागद घेऊन बसलं आणि तीनशे एक्क्याण्णव म्हणून ओरडत आलं. त्याच्या आईनं माझे, म्हणजे यंत्रोबाचे, आभार मानले. एका जोडप्यातले यजमान मोबाइलवर बोलत पुढे निघून गेले तेव्हा यंत्रोबानं मागून हाक मारली, “अहो, ऐकलंत का?” ते गृहस्थ अशा काही सवयीनं दचकून वळले की सगळा मंडप खो-खो हसला.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, ‘आपल्या गणपतीपुढे एआय रोबो!’ शेजारच्या तीन सोसायट्या बघायला आल्या. लोक मला अडवून विचारत, “हे एआयच ना?” मी नुसता हसे. मी एकदाही ‘हो’ म्हटलं नाही. ‘नाही’ म्हणायचं मात्र राहून गेलं. जगात यंत्रं माणसासारखी बोलायला लागली त्याच सुमारास पुण्यात एक माणूस तांब्यात तोंड घालून यंत्रासारखं बोलत होता, आणि टाळ्या दोघांनाही पडत होत्या.

पाचव्या रात्रीची गोष्ट. अकरा वाजून गेले होते. आरती, प्रसाद, खुर्च्यांची आवराआवर सगळं झालं होतं. मी मीटररूममध्ये वायरी गुंडाळत होतो. कॉल तोडायचा राहिला होता. तेवढ्यात कानात आवाज आला, “काय रे, झोपलास का?”

जाळीतून बघितलं तर यंत्रोबासमोर बी विंगमधले नाना उभे. नाना म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. ताठ कणा, इस्त्रीचा सदरा, आणि सोसायटीच्या सभेत कलम आणि पोटकलम सांगून सगळ्यांना गप्प बसवणारा आवाज. वर्षापूर्वी त्यांच्या मंडळी गेल्या. तेव्हापासून ते सभेलाही येईनासे झाले होते. माझा आणि त्यांचा संबंध म्हणजे जिन्यात भेटले की ‘काय टेलिफोनवाले?’ आणि माझं ‘काय नाना?’ एवढाच. दोन्ही प्रश्नांना उत्तर नसे.

माझ्या खात्यात एक शिस्त होती. लाइन तपासताना हेडफोनमध्ये कोणाचं बोलणं ऐकू आलं तर ताबडतोब लाइन सोडायची. तेव्हाच्या, १८८५ सालच्या तार कायद्यात चोरून ऐकायला शिक्षाच होती. पण आम्ही ती शिक्षेच्या भीतीनं पाळत नव्हतो. डॉक्टरनं रोग्याची गोष्ट चारचौघांत सांगू नये तसंच ते होतं. ३६ वर्षांत अर्ध्या पुण्याची लग्नं माझ्या तारांवरून जुळली आणि मोडली. मी एकही ऐकलं नाही.

त्या रात्री मी लाइन सोडली नाही.

नाना इकडेतिकडे बघून खुर्ची ओढून बसले. म्हणाले, “तू बरा आहेस. तुला कोणी ‘कसे आहात’ विचारत नाही. मला सगळे विचारतात. मी ‘छान’ म्हणतो. मग ते जातात.” मग थोडा वेळ गप्प. मग एकदम म्हणाले, “परवा तू त्या माणसाला हाक मारलीस ना, ‘अहो, ऐकलंत का’ म्हणून. ती अशीच मारायची. स्वयंपाकघरातून. दिवसातून चाळीस वेळा. मी चिडायचो, म्हणायचो, ऐकतोय, बहिरा नाही. आता घरात कोणी हाक मारत नाही. एकदा म्हण बघू. कोणी नाहीये इथं.”

माझ्या हातात तांब्या होता.

नीतिशास्त्राच्या पुस्तकांतून रुळावर बांधलेली पाच माणसं आणि खटका ओढणारा एक माणूस असली उदाहरणं देतात. माझ्या मते त्यापेक्षा हा तांब्या कठीण. म्हणावं, तर एका म्हाताऱ्या माणसाच्या सगळ्यात खाजगी जागेत मी चोरपावलांनी शिरणार. न म्हणावं, तर त्याला वाटणार, आपल्याला यंत्रसुद्धा ओ देत नाही. जाळीतून हाक मारून सांगावं की नाना, मी आहे, तर तो माणूस पुन्हा कुणापुढे तोंड उघडणार नाही. तीन वाटा, आणि तिन्हींच्या टोकाला मीच उभा.

शेवटी मी तांब्यात म्हणालो, “बॅटरी संपत आली आहे. शुभ रात्री.”

नाना उठले. खुर्ची जागेवर ठेवली. यंत्रोबाच्या डोक्यावरची चाळण सरळ केली आणि म्हणाले, “असू दे. सगळ्यांचीच संपत आलीय.”

घरी आलो तो जेवण गेलं नाही. हिनं विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही खोटं बोललात का?” मी म्हणालो, “नाही.” “मग खरं बोललात का?” “नाही.” “मग काय बोललात?” या प्रश्नाचं उत्तर मी पुढचे दोन दिवस शोधत होतो.

माणूस अपराधी वाटायला लागला की आपल्या आधी हेच कोणी केलंय का ते शोधतो. मला मोठी मोठी मंडळी सापडली. व्हिएन्नात फॉन केम्पेलेन नावाच्या गृहस्थानं १७७० साली सम्राज्ञी मारिया थेरेसासमोर बुद्धिबळ खेळणारा लाकडी तुर्क ठेवला. पुढे १८०९ साली तो नेपोलियनशीसुद्धा खेळला. खोक्याची दारं उघडून आतली चक्रं लोकांना दाखवत, आणि त्या चक्रांच्या आड एक हाडामांसाचा बुद्धिबळपटू अंग चोरून बसलेला असे. म्हणजे माझी मीटररूम तशी हवेशीरच. पॅरिसला व्होकांसोनचं १७३९ सालचं बदक दाणे खाई आणि ते पचवून मागच्या बाजूनं रीतसर बाहेर टाकी. फक्त मागून येणारा माल आधीच भरून ठेवलेला असे. १९३९ सालच्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात इलेक्ट्रो नावाचा सात फुटी यंत्रमानव सिगारेट ओढून दाखवी आणि सातशेएक शब्द बोले. बोलत होत्या त्या ग्रामोफोनच्या तबकड्या.

आणि आपल्याकडे तर त्याच्याही आधी. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या, अकराव्या शतकातल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात यंत्रांवर एक आख्खा अध्याय आहे. लाकडी बाहुल्या नाचतात, दारावरचे यंत्रपुरुष पहारा करतात. ते कसे बनवायचे ते मात्र पूर्ण सांगितलेलं नाही, आणि ग्रंथकार वर बजावतो की हे अज्ञानामुळे नाही, गुप्तता राखण्यासाठी आहे. कारण गुपित फुटलं की यंत्राची गोडी जाते. मला हायसं वाटलं. साक्षात भोजराजा माझ्या बाजूनं! मीटररूमचा दरवाजा बंद ठेवण्याला शास्त्राधार मिळाला.

पण समाधान टिकेना. कारण तुर्कासमोर लोक बुद्धिबळ खेळले. बदकासमोर हसले. इलेक्ट्रोसमोर टाळ्या वाजवल्या. कोणी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून मन मोकळं केल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. फसवणुकीत नेपोलियनचा फार तर एक डाव गेला. तेवढं त्याला परवडत होतं.

भाचीला अर्धवट सांगितलं, नाव न घेता. तिनं मला आणखी एक गोष्ट सांगितली. १९६६ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. आपण टाइप केलेलं वाक्य उलटं करून प्रश्न म्हणून परत फेकायचं, बस एवढीच त्याची हुशारी. आपल्याकडच्या काही कौन्सेलरांची असते तितकीच. वायझेनबाउमच्या सेक्रेटरीनं महिनोन्‌महिने त्यांना हा प्रोग्रॅम करताना पाहिलं होतं. आत कोणी नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याच्याशी जरा वेळ बोलल्यावर ती आपल्या साहेबांना म्हणाली, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? आणि पुढे साहेबांनी जेव्हा सुचवलं की लोकांची एलायझाशी झालेली बोलणी आपण तपासू या, तेव्हा लोक संतापले. म्हणाले, ही हेरगिरी आहे.

मला तिथं माझं उत्तर सापडलं. डब्याशी बोलण्यात काही मूर्खपणा नाही. माणूस फोटोशी बोलतो, तुळशीशी बोलतो, बंद पडलेल्या स्कूटरशी तर फारच बोलतो. यंत्र खरं की खोटं हा प्रश्नच नाही. गणपतीतला शाहिस्तेखान कुठं खरा होता? काकूंना मोटर माहीत होती, मुलगा माहीत होता, तरी त्या चिडल्या. ते ‘तरी’ त्यांचं स्वतःचं होतं. ती करमणूक. नानांना मात्र माहीत नव्हतं की पलीकडे कोणीतरी ऐकतंय. त्यांचं ‘तरी’ मी परस्पर खिशात टाकलं होतं. सोंग करण्यात पाप नाही. सोंगाच्या आड कान लावून बसण्यात आहे.

आठव्या दिवशी मी मीटररूम सोडली. यंत्रोबाच्या शेजारी खुर्ची टाकून, तांब्या मांडीवर घेऊन, सगळ्यांच्या देखत बसलो. सेक्रेटरी धावत आले. “अहो टेलिफोनवाले, हे काय! सगळी मजा जाईल. मी ग्रुपवर एआय लिहिलंय!” मी म्हणालो, “त्याचा फुल फॉर्म आता ‘आतला इसम’ असा करा.” भोजराजाचंही म्हणणं तेच होतं, की गोडी जाईल. माझ्याही पोटात गोळा आला होता. तीन सोसायट्या बघायला येणार आणि त्यांना दिसणार काय, तर तांब्यात तोंड घातलेला एक म्हातारा.

मुलं आली. मी गंभीरपणे सांगितलं, “बाळांनो, इतके दिवस यंत्रोबातून मी बोलत होतो.” सतरा गुणिले तेवीसवाला पोरगा म्हणाला, “माहितीये काका. यंत्रोबा दुसऱ्या दिवशी शिंकला तेव्हाच कळलं. तो तुमच्यासारखाच शिंकतो.” “मग बोलला का नाहीत?” “मग तुम्ही बंद केलं असतं ना.”

म्हणजे सगळ्या सोसायटीत फसली ती फक्त मोठी माणसं, आणि सगळ्यात जास्त मी. आठ दिवस मी मुलांना फसवतोय या समजुतीत होतो आणि मुलं माझं मन राखत होती.

कार्यक्रम सुरू झाला. रामदास पाध्यांचा अर्धवटराव आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पाध्ये शेजारीच उभे असतात, हात बाहुल्याच्या पाठीत असतो, सगळं उघड. आणि तरी आपण बघतो ते अर्धवटरावाकडे. अगदी तसंच झालं. मुलं यंत्रोबाच्या डोळ्यांत बघून प्रश्न विचारत होती. एकदा मी तांब्या बाजूला ठेवून माझ्या आवाजात उत्तर दिलं तर एक चिमुरडी रागावली. “काका, तुम्ही मध्ये बोलू नका. मी यंत्रोबाला विचारतेय.” भोजराजा, क्षमस्व. गुपित फुटलं आणि गोडी गेली नाही. मोठी माणसं मात्र दोन दिवस माझ्यावर रुसली होती. एक जण म्हणाले, “आम्हाला वाटलं खरंच मशीन आहे!” जणू मशीनच्या जागी माणूस निघाला ही माझी केवढी मोठी लबाडी.

त्याच संध्याकाळी गर्दीच्या मागे नाना दिसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तांब्याकडे. मग ते वळले आणि गेले.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या दारावर उभा राहिलो. बेल वाजवायला हात उचलत नव्हता. लहानपणी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभा असे तसा उभा होतो. दार उघडून नाना म्हणाले, “बोला.”

मी म्हणालो, “त्या रात्री मी आत होतो.”

“मग ते मला त्या रात्री का नाही सांगितलंत?”

“धीर झाला नाही.”

“तीन दिवसांनी झाला?”

“हो.”

“कोणाला सांगितलंत?”

“हिला. आणि कोणाला नाही.”

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “वहिनींना सांगितलंत ते ठीक. पण टेलिफोनवाले, मी आयुष्यभर शाळेत मुलांची चिठ्ठी कधी उघडून वाचली नाही. वर्गात पकडली तरी नाही. फाडून टाकायचो, पण वाचायचो नाही.” आणि त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

इथं कथा असती तर लेखकानं दोघांना गळ्यात गळे घालायला लावले असते. विसर्जनाला नाना आले नाहीत. महिनाभर जिन्यातसुद्धा ‘काय टेलिफोनवाले’ ऐकू आलं नाही. एरवी मला त्या प्रश्नाचा कंटाळा यायचा. यंत्रोबा आमच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभा होता. हिची चाळण तिला परत मिळाली होती. त्याच्या डोक्यावर आता जुनी टोपी होती.

कोजागिरीच्या रात्री बेल वाजली. दारात नाना, हातात दुधाचा गडू. “वहिनी, आमच्याकडे हिच्या हातचं केशर शिल्लक होतं. एकट्यासाठी कोण घालतंय,” असं म्हणून त्यांनी गडू हिच्या हातात दिला. बसले. क्रिकेट, पाऊस, पाण्याचा टँकर, सगळं बोलून झालं. मग गॅलरीकडे बघत म्हणाले, “तो डबा चालू आहे का अजून?”

“मान डोलवतो,” मी म्हणालो. “बाकी काही नाही.”

“फोन?”

मी गॅलरीत गेलो. यंत्रोबाच्या पोटाचं झाकण उघडलं आणि जुना मोबाइल काढून नानांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, बंद केला, खिशात ठेवला. मग वाकून त्या डब्याच्या आत पाहिलं. एक मोटर, एक पट्टी, चार वायरी. पेपर तपासल्यासारखी त्यांनी नीट तपासणी केली.

“आता तुम्ही आत जा,” नाना म्हणाले. “दार लावून घ्या.”

मी आत गेलो. गॅलरीचं दार लावलं, स्वयंपाकघराचंही लावलं. ही दूध आटवत होती. तिनं भुवया उंचावल्या. मी मान हलवली. काचेतून पुसटसं दिसत होतं. नाना खुर्चीवर पुढे झुकून बसले होते आणि त्यांच्यापासून तीन फुटांच्या आत आलेल्या माणसापुढे जे करायचं असतं ते यंत्रोबा करत होता. सावकाश मान डोलवत होता. ऐकू काहीच येत नव्हतं, ना त्याला, ना मला.

मग मी काचेकडे पाठ केली आणि वेलदोडे सोलायला बसलो. ३६ वर्षं खात्यात काढली आहेत. लाइन कधी सोडायची ते मला येतं. एकदा चुकलो, एवढंच.